फोटोमागची तारीख

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आपल्या रविवार पुरवणीत वाचकांनी काढलेले राजस्थान, इजिप्त, जॉर्डन येथील फोटो प्रसिद्ध होतात, ते मी दरवर्षी आवडीने पाहतो. मात्र त्यांखाली बहुधा गावाचे आणि फोटो काढणाऱ्याचे नाव एवढेच असते. तो कोणत्या महिन्यात, किती वाजता, कुठे उभे राहून काढला, याचा पत्ता नसतो. प्राचीन वास्तूंच्या बाबतीत ही उणीव मला फार मोठी वाटते.

माझ्या वडिलांनी डिसेंबर १९७८ मध्ये जैसलमेरच्या किल्ल्याचे काही कृष्णधवल फोटो काढले आणि प्रत्येकाच्या पाठीवर शिसपेन्सिलीने तारीख, वेळ व जागा लिहून ठेवली. गेल्या डिसेंबरात त्यांतला एक फोटो हातात घेऊन मी सकाळी आठ वाजता किल्ल्याच्या पायथ्याशी, त्यांनी लिहिलेल्या जागी जाऊन उभा राहिलो. ऊन तेवढेच तिरपे असल्यामुळे बुरुजाच्या सांध्यांवर सावल्याही जवळजवळ तशाच पडल्या होत्या, आणि म्हणूनच फरक चटकन लक्षात आला. वडिलांच्या फोटोत ज्यांच्या कडा कोरीव दिसतात, त्या तळाच्या दोन दगडांचे आता पापुद्रे सुटले आहेत आणि त्यांखाली ओलीचा काळपट पट्टा उमटला आहे. भर दुपारच्या उन्हात दगड सपाट दिसतात; तेव्हा गेलो असतो, तर यातले काहीच कळले नसते. ११५६ मध्ये स्थापन झालेला हा किल्ला वाळवंटातल्या तुटपुंज्या पावसाच्या हिशेबाने बांधलेला; आजही नांदत्या असलेल्या आतल्या वस्तीत नळाचे पाणी आले, सांडपाणी पायात मुरू लागले आणि खालची जमीन कमकुवत झाली, हे तज्ज्ञ अनेक वर्षे सांगत आहेत. मी ते वाचले होते, परंतु त्या दोन दगडांपुढे उभा राहीपर्यंत मनाला भिडले नव्हते.

इजिप्तमधील अबू सिंबेलची मंदिरे १९६४ ते १९६८ या काळात कापून सुमारे ६५ मीटर उंचावर हलवण्यात आली आणि मूळ जागा धरणाच्या पाण्याखाली गेली. ती जागा कशी होती हे आज आपण फ्रान्सिस फ्रिथ यांच्यासारख्या छायाचित्रकारांनी एकोणिसाव्या शतकात काचेच्या पट्ट्यांवर टिपलेल्या चित्रांत पाहू शकतो. सीरियातील पाल्मिरा येथे २०१५ मध्ये बेल या प्राचीन देवाचे मंदिर सुरुंगाने उडवले गेले, तेव्हा त्याची संगणकीय प्रतिकृती घडवण्यासाठी सामान्य पर्यटकांचे फोटोही उपयोगी पडले. हौसेने काढलेल्या फोटोचे असे मोल होऊ शकते.

त्यामुळेच मोबाइलमधील सोयींनी विजेच्या तारा, पाण्याचे पाइप, भिंतीवरील भेगा पुसून टाकलेले आणि आकाश नारिंगी केलेले फोटो पाहून मला वाईट वाटते. घरच्या अल्बमसाठी ज्याने त्याने हवे ते करावे. वर्तमानपत्रात छापायचा फोटो मात्र जसा निघाला तसाच असावा.

आपण वाचकांकडून फोटो मागवताना तारीख, वेळ आणि जागा कळवण्याची अट घालावी व ती ओळ फोटोखाली छापावी, ही विनंती. वडिलांचा आणि माझा, असे एकाच जागेवरून काढलेले दोन फोटो सोबत जोडले आहेत. दोहोंच्या पाठीवर तपशील लिहिलेला आहे.

आपला,
एक नियमित वाचक
विलेपार्ले (पूर्व), मुंबई