क्लेअरच्या कुळांचा मताधिकार

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आयर्लंडच्या क्लेअर मतदारसंघातून १८२८ साली कॅथलिक नेते डॅनियल ओकॉनेल निवडून आले आणि वर्षभरात कॅथलिकांना ब्रिटिश संसदेचे दार उघडले, एवढे आपल्याकडे नेहमी लिहिले जाते. ज्यांनी ती निवडणूक जिंकून दिली त्या कुळांचे पुढे काय झाले, हे मात्र बहुधा गाळले जाते.

क्लेअरचे तेव्हाचे खासदार व्हेझी फिट्झजेराल्ड मंत्री झाले. तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्यांना पुन्हा निवडून येणे भाग होते, म्हणून ही पोटनिवडणूक लागली. कॅथलिक उमेदवाराला उभे राहायला बंदी नव्हती. अडचण होती ती सभागृहात घ्यायच्या, त्याच्या धर्माविरुद्ध असलेल्या शपथेची. मतदार बहुतेक लहान कुळे. जमीनदाराचा खंड भागवून वर्षाला ४० शिलिंग उरतील असा हयातीचा पट्टा असला की मत मिळे. १७९३ मध्ये कॅथलिकांना मताधिकार मिळाल्यावर जमीनदारांनीच असे पट्टे भराभर दिले, कारण कुळाचे मत म्हणजे आपलेच मत हा त्यांचा हिशेब होता. मतदान उघड होते. एनिस गावी अधिकाऱ्यापुढे उभे राहून, सगळ्यांदेखत, उमेदवाराचे नाव मोठ्याने सांगायचे. जमीन हातची जाण्याची भीती असतानाही कुळांनी ओकॉनेल यांचे नाव घेतले. त्यांना २,०५७ मते पडली, फिट्झजेराल्ड यांना ९८२.

१८२९ च्या एप्रिलमध्ये कॅथलिकांना सवलत देणारा कायदा आला. त्याच्याच जोडीला दुसरा कायदा करून मताधिकाराची अट ४० शिलिंगांवरून (२० शिलिंगांचा एक पौंड) १० पौंडांवर, म्हणजे पाचपट, नेण्यात आली. ज्यांनी जमीनदाराला न जुमानता मत दिले, त्यांचेच मत गेले. खुद्द ओकॉनेल यांनाही नव्या कायद्याचा लाभ मागील तारखेने मिळाला नाही. मे महिन्यात त्यांनी जुनी शपथ घ्यायला नकार दिला, जागा रिकामी ठरली आणि जुलैत ते बिनविरोध निवडून आले. आयर्लंडच्या स्वातंत्र्याची गोष्ट सांगताना या कुळांना विसरणे मला अन्यायाचे वाटते.

पुढचे आकडेही जपून वाचावे लागतात. गुप्त मतदान १८७२ मध्ये आले. १८८५ मध्ये क्लेअरचे पूर्व आणि पश्चिम असे दोन मतदारसंघ झाले, त्यामुळे ओकॉनेल यांचे क्लेअर आणि पुढच्या काळातले आयरिश स्वातंत्र्यवादी नेते डी व्हॅलेरा यांचे क्लेअर एकच नव्हे. पूर्व क्लेअरचे खासदार विली रेडमंड जून १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात मारले गेले. त्यांच्या जागी झालेल्या पोटनिवडणुकीत डी व्हॅलेरा ५,०१० विरुद्ध २,०३५ असे जिंकले, तेही जुन्याच मर्यादित मताधिकारावर. १९१८ च्या कायद्याने २१ वर्षांवरील पुरुष आणि तिशीपुढच्या पुष्कळ स्त्रिया यादीत आल्या. पण त्या डिसेंबरातल्या सार्वत्रिक निवडणुकीत क्लेअरच्या दोन्ही जागा बिनविरोध गेल्या, म्हणून या नव्या मतदारांना मत द्यायची वेळच आली नाही.

असे निकाल छापताना प्रत्येक वर्षासमोर मतदाराची पात्रता आणि, लढत झाली नसेल तर, 'बिनविरोध' हा शेरा जरूर द्यावा.

– एक वाचक, पुणे