लहान कुत्रीच्या आजाराचे कोडे आणि जुने अहवाल

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कुत्र्यांच्या आरोग्याविषयी रेबीजची लस, गोचीडताप आणि जंतांचे औषध यांपलीकडे सहसा लिहिले जात नाही, म्हणून आमच्या घरातील एका लहान कुत्रीच्या आजाराचे कारण कसे सापडले ते कळवीत आहे. एखाद्या दिवशी ती खाणे सोडायची, उलट्या करायची, तिचे मागचे पाय थरथरायचे आणि हाक मारली तरी ती उठायची नाही. दवाखान्यात सलाइन लावले की दुसऱ्या दिवशी शेपटी हलवीत जेवायला हजर असायची. मध्ये काही आठवडे सुरळीत जायचे आणि पुन्हा तेच सुरू व्हायचे. कधी अपचन, कधी स्वादुपिंडाचा दाह, कधी गोचीडताप अशी निदाने होत गेली आणि एकदा तर युरिया व क्रिएटिनिन वाढलेले पाहून मूत्रपिंडे निकामी होत असल्याचेही सांगण्यात आले.

या प्रकारात सर्वांत मोठा चकवा सलाइनचा असतो. उलट्यांनी शरीरातील पाणी कमी झालेल्या कुठल्याही प्राण्याला सलाइनने हुशारी येते, त्यामुळे सोबत दिलेल्या औषधालाच गुण आला असे वाटते आणि शोध तिथेच थांबतो. पुढे दुसऱ्या पशुवैद्यांनी रक्ततपासणीचे सगळे जुने अहवाल मागवून तारखेप्रमाणे शेजारी-शेजारी मांडले, तेव्हा आजारपणाच्या प्रत्येक वेळी सोडियम थोडे कमी आणि पोटॅशियम थोडे जास्त असल्याचे दिसले. एकेका कागदावर हा फरक नजरेआड होण्याइतका लहान होता. सोडियमच्या आकड्याला पोटॅशियमच्या आकड्याने भागले असता निरोगी कुत्र्यात उत्तर साधारण २७ ते ४० च्या दरम्यान येते; ते २७ च्या खाली जाऊ लागले की मूत्रपिंडांजवळच्या अधिवृक्क ग्रंथींकडे लक्ष द्यावे लागते. याशिवाय, इतक्या आजारी प्राण्याच्या रक्तात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी कमी व्हायला हव्या होत्या, त्या तशा झाल्या नव्हत्या, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारे आणि या पेशी कमी करणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक तिच्या शरीरात तयार होत नसावे. घरी ठेवलेल्या नोंदींतही पाहुणे, प्रवास किंवा केस कापून आणणे यांच्या पाठोपाठच बहुतेक दुखणी आलेली होती.

हा अ‍ॅडिसनचा आजार होता. थॉमस अ‍ॅडिसन या इंग्रज डॉक्टरांनी १८५५ साली माणसांमधील या आजाराचे वर्णन केले. कुत्र्यांत तो तरुण आणि मध्यमवयीन माद्यांत अधिक आढळतो. मूत्रपिंडांजवळच्या दोन लहान ग्रंथींचे बाहेरचे आवरण, बहुधा शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीच्या हल्ल्यामुळे, झिजते आणि कॉर्टिसॉल व अल्डोस्टेरॉन ही दोन्ही संप्रेरके कमी पडतात. अल्डोस्टेरॉन नसले की सोडियम आणि त्याच्यामागोमाग पाणी लघवीवाटे वाहून जाते, तर पोटॅशियम रक्तात साचते. रक्ताचे प्रमाण घटल्याने मूत्रपिंडांना पुरवठा अपुरा होतो, युरिया वाढतो, आणि सोडियमच्या कमतरतेमुळे लघवीही दाट होत नाही. मूत्रपिंडे बिघडल्याचा भास होतो तो असा. प्राणी कोसळला असताना नाडी जलद होण्याऐवजी मंद लागत असेल, तर पोटॅशियमने हृदयाची गती रोखली असण्याची शक्यता असते आणि तेव्हा एक तासही दवडू नये.

मात्र सोडियम-पोटॅशियमच्या आकड्यांवरून निदान पक्के होत नाही. आतड्यातील व्हिपवर्म जंतांमुळेही हे आकडे असेच बिघडू शकतात आणि उलट काही कुत्र्यांत फक्त कॉर्टिसॉल कमी पडून हे क्षार अगदी व्यवस्थित राहतात. रक्तातील कॉर्टिसॉल दर डेसिलिटरला २ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निघाले, तर हा आजार जवळजवळ नाहीच असे धरता येते. कमी निघाले, तर एसीटीएचचे, म्हणजे कॉर्टिसॉल तयार करण्यास या ग्रंथींना चालना देणाऱ्या संप्रेरकाचे, इंजेक्शन देऊन साधारण तासाभराने पुन्हा कॉर्टिसॉल मोजावे लागते.

नेमक्या याच ठिकाणी नेहमीच्या एका सवयीमुळे घोटाळा होतो. आजारी कुत्र्याला तरतरी यावी म्हणून प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड पहिल्याच भेटीत दिले, तर ते तपासणीत कॉर्टिसॉल म्हणूनच मोजले जाते आणि आकडा विश्वासार्ह राहत नाही. डेक्सामेथासोन त्या तपासणीत मोजले जात नाही, त्यामुळे प्राणी अत्यवस्थ असताना पशुवैद्य ते निवडू शकतात. तेव्हा पशुवैद्यांना माझी विनंती आहे की, दुखणे पुन्हा-पुन्हा येत असेल तर स्टेरॉइड देण्याआधी थोडे रक्त काढून ठेवावे. आणि पालकांनी प्रत्येक अहवालाची प्रत मागून घ्यावी, दवाखाना बदलला तरी ती सोबत न्यावी. ‘सगळे नॉर्मल आहे’ एवढ्या तोंडी निरोपावर पुढच्या डॉक्टरांना काहीही ताडून पाहता येत नाही.

उपचार आयुष्यभराचे असले तरी ते बिकट नाहीत. अल्डोस्टेरॉनची उणीव भरून काढणारे इंजेक्शन साधारण महिन्याने, प्रेडनिसोलोनची अल्पशी मात्रा रोज, आणि प्रवास किंवा शस्त्रक्रियेसारख्या ताणाच्या दिवशी ती मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने वाढवायची, एवढ्यावर आमची कुत्री चांगली आहे. अधूनमधून सोडियम-पोटॅशियम तपासावे लागते आणि त्या कागदांची फाईल आता बरीच जाड झाली आहे.

आपली,
एक वाचक