विषाणूंच्या लायसिनवर आपल्याकडे काम व्हायला हवे

महोदय,

तीस वर्षे मी प्रयोगशाळेत कल्चर लावले, म्हणजे रुग्णांच्या नमुन्यांतले जंतू वाढवून तपासले. गेल्या पावसाळ्यात मधुमेही बहिणीच्या पायाच्या जखमेचा रिपोर्ट हातात आला. बारा औषधांपैकी नवांपुढे 'आर', म्हणजे जंतू दाद देत नाही. जंतू होता क्लेबसिएला. तिची दोन बोटे काढावी लागली.

म्हणून हे पत्र. जंतूंवर जगणारे विषाणू असतात, त्यांना फाज म्हणतात. फाज जंतूच्या आत वाढतो आणि बाहेर पडताना लायसिन नावाचे प्रथिन वापरून जंतूची भिंत आतून फोडतो. हेच लायसिन वेगळे काढून बाहेरून टाकले, तरी काही जंतूंची भिंत फुटते. जंतूंनी गढूळ झालेली परीक्षानळी काही मिनिटांत डोळ्यांदेखत निवळते. शिवाय लायसिन ठरावीक जंतूंनाच मारते, आतड्यातले उपयोगी जंतू शाबूत राहतात. अमेरिकेतील रॉकफेलर विद्यापीठाच्या व्हिन्सेंट फिशेट्टी यांच्या गटाने 2001 मध्ये उंदरांच्या घशातील स्ट्रेप्टोकोकस हे जंतू असे नाहीसे करून दाखवले.

पुढे एक्सेबकेस हे लायसिन रक्तातील स्टॅफिलोकोकस या जंतूविरुद्ध माणसांवर तपासले गेले. दुसऱ्या टप्प्यात, मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणाऱ्या जंतूंच्या रुग्णांत नेहमीच्या औषधांच्या जोडीला ते दिल्यावर 74 टक्के सुधारले, नुसत्या औषधांवर 31 टक्के. रुग्ण मात्र थोडे होते. तिसऱ्या टप्प्यात फायदा दिसेना, म्हणून 2022 मध्ये चाचणी थांबली आणि पुढच्या वर्षी ते बनवणाऱ्या कंपनीचे दिवाळे निघाले. या अपयशामुळे सगळा विषयच गुंडाळला जाईल, ही माझी भीती आहे.

आपली अडचण तर याहून वेगळी आहे. आपल्या अतिदक्षता विभागांना छळणाऱ्या क्लेबसिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर यांच्या भिंतीवर आणखी एक बाहेरचा पापुद्रा असतो, आणि बहुतेक लायसिन तिथेच अडतात. तो भेदणारी लायसिन परदेशात घडवली जात आहेत. पण आपल्या वॉर्डातल्या जंतूंवर ती चालतात का, हे आपणच तपासायला हवे. नफ्यावर चालणारी कंपनी त्यासाठी थांबणार नाही.

गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात, हे ब्रिटिश जंतुशास्त्रज्ञ हँकिन यांनी 1896 मध्येच नोंदवले होते; त्यामागे फाज असावेत, असे पुढे मानले गेले. फाज आजही आपल्या सांडपाण्यात मुबलक सापडतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांना या कामासाठी किमान पाच वर्षांचा सलग निधी द्यावा. सांडपाण्याचे नमुने आणि न दबणाऱ्या जंतूंचे कल्चर या महाविद्यालयांच्या आवारातच मिळतील.

— एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सातारा