लॉखच्या काठचा एकपदरी रस्ता

महोदय,

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या पर्यटन पुरवणीत स्कॉटलंडच्या हायलँड्सवर एखादा लेख हमखास येतो. त्यात तळी, डोंगर, पडके किल्ले, मेंढ्या असे सारे काही असते. नसतो तो फक्त रस्ता. गेल्या मे महिन्यात मी आणि माझी पत्नी भाड्याची गाडी घेऊन त्या भागात पाच दिवस फिरलो आणि या उणिवेमुळे एका जागी चांगलेच ओशाळलो, म्हणून हे पत्र.

इन्व्हरनेस ते अलापूल हा सुमारे ९० किलोमीटरचा रस्ता दुपदरी असून तिथे चालकाला अडचण येत नाही. अलापूल ज्या लॉख ब्रूमच्या काठी वसले आहे त्याचे पाणी मात्र खारे आहे, कारण तिथे तळ्याला जसे लॉख म्हणतात तसे जमिनीत शिरलेल्या समुद्रालाही लॉखच म्हणतात. आपल्या कोकणात त्याला खाडी म्हटले असते. खरी परीक्षा पुढे, ड्रमरूनीपाशी मुख्य रस्ता सोडून डावीकडे वळल्यावर सुरू होते. लॉख लर्गनच्या काठाने आणि स्टॅक पॉली या ६१२ मीटर उंचीच्या, माथ्यावर कातळाचे सुळके उभ्या असलेल्या डोंगराच्या पायथ्याने जाणारा हा रस्ता एका वेळी एकच गाडी जाईल एवढा रुंद आहे. ठरावीक जागी त्याची कड थोडी फुगवलेली असते आणि तिथे ‘पासिंग प्लेस’ अशी पाटी असते. समोरून गाडी आली की ही जागा आपल्या डावीकडे असल्यास तिच्यात शिरायचे, उजवीकडे असल्यास तिच्यासमोर रस्त्यातच थांबायचे. मागच्याला घाई असेल तर त्यालाही अशीच वाट द्यायची. चढणाऱ्या गाडीला शक्यतो आधी जाऊ द्यायचे, हे आपल्या घाटांत गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको.

आम्ही नेमक्या अशाच एका जागेत गाडी उभी करून, पाण्यातले डोंगराचे प्रतिबिंब टिपायला खाली उतरलो. दोनच मिनिटांत मागून लाल टपालगाडी आली आणि समोरून एक अवजड कॅम्परव्हॅन. टपालगाडीने शिरायची जागा आम्ही अडवलेली, त्यामुळे कॅम्परव्हॅनच्या वयस्कर चालकाला वळणावरून मागे मागे जात आधीची जागा गाठावी लागली. टपालवाल्याने हॉर्न वाजवला नाही. जाताना रिवाजाप्रमाणे स्टिअरिंगवरून एक बोट तेवढे उचलले. चार शब्द सुनावले असते तर बरे वाटले असते.

फोटोसाठी थांबायला वाहनतळ वेगळे आहेत. स्टॅक पॉलीच्या पायथ्याशी एक आहे, मुख्य रस्त्यावर नॉकन क्रॅगलाही आहे. नॉकनचा कडा तर चुकवूच नये: तिथे सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वीचा खडक ५० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकावर चढून बसलेला आहे, आणि पीच व हॉर्न या भूवैज्ञानिकांनी या प्रदेशाचे कोडे उलगडून १९०७ साली ग्रंथरूपाने मांडले. आपल्या सह्याद्रीचा पाषाण जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा, हे आठवून मी बराच वेळ तिथल्या दगडावर हात ठेवून उभा होतो.

२०१५ पासून ‘नॉर्थ कोस्ट ५००’ या नावाने इन्व्हरनेसहून निघून तिथेच परतणाऱ्या सुमारे ८३० किलोमीटरच्या मार्गाची जाहिरात होऊ लागली आणि या रस्त्यांवर परक्या गाड्या वाढल्या. भारतीय परवान्यावर पर्यटकाला तिथे बारा महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते, वाहतूकही डावीकडूनच आहे, त्यामुळे आपली माणसे निर्धास्तपणे चावी हातात घेतात. पण पर्यटकाला हौसेची असलेली ही वाट गावकऱ्यांची डॉक्टरकडे, शाळेला आणि बाजारला जायची एकमेव वाट असते.

तेव्हा यापुढील लेखासोबत या नियमांची एक लहानशी चौकट आपण छापावी, ही विनंती. जागेअभावी एखादे छायाचित्र गाळावे लागले तरी वाचकांची तक्रार नसावी.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे