इतक्या लांबून आपल्याच वाहिन्या कशाला बघतेस?

श्टुटगार्ट,
३० ऑक्टोबर २०२५

ती. आई आणि बाबांना,
शि. सा. नमस्कार.

पत्रास कारण की, भाऊबीजेच्या दिवशी फोनवर बाबांनी जे विचारलं त्याचं उत्तर मला तेव्हा धड देता आलं नाही. बाबा, तुम्ही म्हणालात, "एवढ्या लांब गेलीस, तिथली भाषा शिकलीस, मग रोज आपल्याच वाहिन्या कशाला लावून बसतेस? तिथलं बघ की." तेवढ्यात मागून दादा काहीतरी बोलला, पिल्लूनं माझ्या हातातून फोन ओढला आणि विषय राहून गेला. तुम्ही रागानं विचारलं नव्हतं, मला ठाऊक आहे. पण आठवडा झाला, प्रश्न डोक्यातून जाईना. फोनवर बोलायला लागलं की दहाजण मध्ये बोलतात, म्हणून लिहून काढलं. दादाकडं पाठवते, तो प्रिंट काढून देईल. मोबाइलवर वाचत बसू नका, डोळे दुखतात तुमचे.

तिथलं बघत नाही असं नाही, बाबा. इथल्या सार्वजनिक वाहिन्यांसाठी घरटी दरमहा १८.३६ युरो भरावेच लागतात, घरात टीव्ही असो वा नसो. रात्री आठला पंधरा मिनिटांच्या बातम्या लागतात, त्यांचं नाव 'टागेसशाउ'. १९५२ पासून चालू आहेत. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी आठ ते सव्वाआठ कुणाचा फोन घेत नाहीत. पहिल्यांदा मला हे कळलं तेव्हा एकदम आपलं घर आठवलं. संध्याकाळी सातच्या बातम्या लागल्या, प्रदीप भिडे बोलायला लागले, की तुम्ही नुसता हात वर करायचात आणि स्वयंपाकघरात आई भांडं अलगद ठेवायची. भिडे २०२२ च्या जूनमध्ये गेले, ते मला इथं बसमध्ये मोबाइलवर कळलं. त्या दिवशी कुणाला सांगावं तेच समजेना. बसमध्ये तो आवाज माहीत असलेलं माणूसच नव्हतं.

तर आठच्या बातम्या मी बघते. जर्मन सुधारली ती त्यांच्यामुळंच. बर्लिनमध्ये काय ठरलं, घरभाड्याचं काय होणार, रेल्वेचा संप कधी, सगळं कळतं. पण ऐकताना पोटात काही हलत नाही.

पोटात हलतं ते आपल्या वाहिन्यांवर पडद्याच्या तळाशी सरकत जाणारी पट्टी वाचताना. वर स्टुडिओत चार माणसं भांडत असतात, त्यांचा आवाज मी बंदच ठेवते. मला ती पट्टी हवी असते. 'वीर धरणातून नीरा नदीपात्रात विसर्ग वाढवला, नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा.' एवढं वाचलं की मला कळतं आज आपल्या पत्र्यावर काय वाजतंय, शेतात पाय रुतणार की नाही, आणि बाबा तरीही जाऊन बघून येणार की नाही. तुम्हाला फोन केला तर तुम्ही "सगळं ठीक आहे" एवढंच सांगता. आई तर "तू जेवलीस का?" असं उलट विचारते. पट्टीवरचा क्युसेकचा आकडा, म्हणजे धरणातून सेकंदाला किती पाणी सोडतायत तो, मात्र काही लपवत नाही.

२५ मे आठवतोय ना? रविवार होता. इथं लख्ख ऊन, आम्ही गॅलरीत बसलो होतो. सहज बातम्या लावल्या तर बारामती, इंदापूर, फलटण, तिन्ही नावं एका ओळीत. मॉन्सून अजून मुंबईतही पोचला नव्हता, तो दुसऱ्या दिवशी पोचला, पंचाहत्तर वर्षांत इतक्या लवकर कधी आला नव्हता म्हणतात. आणि आपल्याकडं आदल्या दिवशीच रस्ते ओढ्यांसारखे वाहत होते. तुम्हा तिघांचेही फोन लागेनात. एका वाहिनीचा निवेदक सारखा म्हणत होता, "नीरा कालवा फुटला." नुसता नीरा कालवा! डावा की उजवा ते सांगेना. मुंबईत बसून बोलणाऱ्याला त्यात काय फरक पडणार? पण डावा म्हणजे बारामतीचा, उजवा म्हणजे आपला. मी एका वाहिनीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर जात राहिले. एक दहा-बारा सेकंदांची चित्रफीत सगळेच पुन्हा पुन्हा दाखवत होते: मातकट पाणी, एक अर्धी बुडालेली मोटरसायकल आणि मागं उसाचं रान. त्या उसाच्या कडेला विजेचा खांब होता, त्याच्यावर काही पाटी दिसते का म्हणून चित्र थांबवून थांबवून बघितलं. शेवटी पट्टीवर आलं, 'नीरा डावा कालवा'. तेव्हा कुठं हात-पाय हलले. आणि लगेच वाईट वाटलं, कारण डाव्याच्या खालीही कुणाचं तरी घर असणारच. रात्री तुमच्याकडं लाइट आल्यावर दादाचा फोन आला तोवर मला सगळं माहीत होतं. तुम्ही "थोडा पाऊस झाला" म्हणालात. मी काही बोलले नाही.

म्हणून बघते, बाबा. तुम्ही जे सांगत नाही ते मला तिथं कळतं.

मालिकांचं म्हणाल तर ते माझं आणि आईचं आहे. आईची आठची मालिका उन्हाळ्यात माझ्याकडं साडेचारला लागायची. गेल्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागं गेली, त्यामुळं आता साडेतीनला. तेव्हा मी ऑफिसात, म्हणून रात्री पिल्लू झोपल्यावर बघते. त्या सुनेचं जरा जास्तच रडणं चाललंय हे मलाही पटतं, पण दुसऱ्या दिवशी फोनवर आई त्या सुनेबद्दल बोलते तेव्हा तिच्या बोलण्यातून इतर किती गोष्टी कळतात! कोण आजारी आहे, कुणाच्या घरी सध्या काय चाललंय, आईला स्वतःला काय सलतंय. सरळ विचारलं असतं तर ती कधी बोलली नसती. आणि पिल्लू शेजारी बसून ऐकते. परवा तिनं मला विचारलं, "आई, 'जीव टांगणीला लागणं' म्हणजे कुठं टांगतात?" हा शब्दप्रयोग घरात मी कधी वापरल्याचं मला आठवत नाही. तो तिला त्या मालिकेनं दिला. सहा वर्षांच्या पोरीला इथं मराठी बोलायला दोनच माणसं आहेत, मी आणि तुमचे जावई. दोन माणसांच्या बोलण्यात मावत नाही इतकी आपली भाषा मोठी आहे. सासू, शेजारीण, मास्तर, रिक्षावाला, सगळ्यांचं बोलणं तिच्या कानावर पडायला हवं, ते मी एकटी कुठून आणू?

आता वारीचं सांगते. हे आईला अर्धं माहीत आहे, पण माझ्या बाजूनं काय झालं ते सांगायचं राहिलंय.

तरडगावच्या अलीकडं चांदोबाच्या लिंबाला माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण. आई दरवर्षीसारखी गेली होती. तुमचे चार म्हणजे आमचे साडेबारा, माझी जेवणाची सुट्टी. कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसून मी मोबाइलवर थेट प्रक्षेपण लावलं आणि एका कानात आईचा फोन. त्या गर्दीत फोन लागला हेच नवल. आता हे इंटरनेटवरचं थेट म्हणजे अगदी थेट नसतं. चित्राचे छोटे छोटे तुकडे करून पाठवतात, आपला मोबाइल त्यातले काही आधी साठवून घेतो आणि मग दाखवायला लागतो. त्यात अर्धा मिनिट सहज जातो. फोनवरचा आवाज मात्र लगेच येतो. तर झालं असं, की पडद्यावर दोन्ही बाजूंना दिंड्या नुसत्या उभ्या होत्या, मधली वाट मोकळी होती, टाळ चालू होते, आणि माझ्या कानात "माउली! माउली!" असा गजर उठला. आईच्या फोनमधून. घोडा आईसमोरून गेला होता. पडद्यावर तो अजून निघालाच नव्हता. तेवढा अर्धा मिनिट मी त्या मोकळ्या वाटेकडं बघत राहिले, घोडा येणार हे माहीत असलेली त्या कॅन्टीनमधली मी एकटी. मग तो आला. पुढं स्वाराचा, मागं माउलींचा, पाठीवर कुणी नसलेला. तोवर फोनमध्ये आई म्हणत होती, "टापांखालची माती घेतली गं, तुझ्या नावानं पण लावली कपाळाला."

समोर माझी जर्मन सहकारी बसली होती. तिनं विचारलं, हा घोडा रिकामा का पळतोय? मी म्हटलं, रिकामा नाही, त्यावर ज्ञानेश्वर महाराज बसलेत. ती हसली नाही. थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, पुन्हा लाव. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे येतात, आळंदीपासून पंढरपूरपर्यंत लोक चालत जातात, हे सगळं तिला सांगता सांगता माझी सुट्टी संपली, डबा तसाच राहिला.

आषाढीची शासकीय महापूजाही मी पूर्ण बघितली. ती तुमच्याकडं पहाटे दोन-अडीचला, म्हणजे इथं आदल्या रात्री अकराच्या आत-बाहेर. घड्याळाचा हा साडेतीन तासांचा फरक एरवी माझ्या विरुद्धच असतो, पण त्या एका रात्री तो माझ्या बाजूनं होता. तुम्ही गाढ झोपलेले आणि मी इथं जागी, अंघोळ करून, पांडुरंगासमोर. लहानपणी पहाटे उठून बघायचं म्हणून गजर लावायचे आणि झोपून राहायचे, आठवतं ना आई? परवा शनिवारी रात्री कार्तिकीची महापूजा आहे. आता घड्याळ मागं गेल्यामुळं इथं दहाच्या सुमारास येईल. पिल्लूलाही जागं ठेवणार आहे.

पैशाचं तुम्ही विचारलंत, तेही सांगून टाकते. वारी, बातम्या, सह्याद्री वाहिनी हे यूट्यूबवर फुकट दिसतं. मालिकांच्या ॲपला वर्गणी आहे. दादानं सुचवलं होतं की त्याचंच खातं वापर, पण ते जमत नाही. कार्यक्रम दाखवण्याचे हक्क देशादेशांनुसार वेगळे विकलेले असतात, आणि आपण कुठून बघतोय ते इंटरनेटच्या पत्त्यावरून त्यांना कळतं. भारतात दिसणारा क्रिकेटचा सामना इथं लावला की 'हा कार्यक्रम तुमच्या देशात उपलब्ध नाही' एवढी एक ओळ येते. 'तुमचा देश' म्हणजे जर्मनी, हे ती ओळ वाचून दर वेळी नव्यानं टोचतं. युरोपातल्या युरोपात २०१८ पासून नियम आहे, इथली वर्गणी घेऊन सुट्टीला फ्रान्सला गेलं तरी चालते. भारत-जर्मनी असं काही अजून नाही.

दोन वर्षांपूर्वी एका ओळखीच्यांकडून आम्ही टीव्हीला जोडायचा एक डबा विकत घेतला होता. एकदाच पैसे भरा, शेकडो वाहिन्या बघा. चार महिने चालला आणि ऐन गणेश चतुर्थीला सकाळी बंद पडला. पडदा काळा, पैसे गेले, फोन उचलायला कुणी नाही. नंतर समजलं की तो प्रकार चोरीचाच होता. अशा ठिकाणाहून नुसतं बघणंसुद्धा युरोपच्या न्यायालयानं २०१७ मध्येच बेकायदा ठरवलंय. मला फार लाज वाटली. ज्या कलाकारांना आपण घरचं मानतो त्यांच्याच ताटातलं घेतल्यासारखं झालं. तेव्हापासून रीतसर पैसे भरते आणि जे दिसत नाही ते सोडून देते. परदेशी आवृत्तीत आपल्याकडच्या जाहिराती नसतात, एवढी मात्र चुटपुट लागते. मसाल्याची, सिमेंटची, शेतीच्या पाइपांची जाहिरात लागली की आपण पाणी प्यायला उठायचो. आता उठायला कारण मिळत नाही.

आता एक काम आहे, बाबा. पिल्लूच्या खोलीत दुसरा टीव्ही घेतलाय, त्यावर ॲप चालू करायचंय. वर्गणी इथली असली तरी खातं तुमच्या मोबाइल नंबरवर उघडलेलं आहे, त्यामुळं ओटीपी तुमच्याकडंच येणार. मागच्या वेळी तुम्ही चष्मा शोधेपर्यंत वेळ संपली, मग दुसरा आला, तो तुम्ही "आठ... तीन... थांब" असा वाचलात, तोही गेला, आणि तिसऱ्याला तुम्ही तिकडून ओरडलात, "आलं का?" मी क्षणभर बोलूच शकले नाही. मला आपल्या घराचा स्लॅब दिसला. वर तुम्ही अँटेनाचा पाइप फिरवताय, दारात आई, टीव्हीसमोर मी. पडद्यावर नुसत्या मुंग्या. "आलं का?" "आलं, आलं! गेलं!" तोच आवाज होता, बाबा, अगदी तसाच.

उद्या रात्री साडेनऊला फोन करते, आमचे पाच वाजलेले असतील. आईची मालिका तोवर संपलेली असेल. फोन चार्ज करून ठेवा, चष्मा हाताशी ठेवा, आणि आकडे एकेक न सांगता दोन-दोन सांगा. चित्र आलं की मी ओरडून सांगते.

तुमची,
धाकटी