आडवी बाग

रावेर, सोमवार

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

काल पहाटे गाडीने सुखरूप उतरवलं. खंडव्यापर्यंत झोप लागली नाही, तुझं प्रदर्शनच डोळ्यांपुढे होतं. फोनवर तुझी माय मधेच बोलते, म्हणून हे लिहून पाठवतो.

आधी शर्टाचं. तू संक्रांतीला येऊन गेलीस तेव्हापासून तुझी माय माझा कापणीचा शर्ट शोधत होती. पोचाऱ्याला गेला असेल म्हणून मीही विसरलो होतो. भोपाळला त्या पांढऱ्या भिंतीवर तो बाह्या पसरून टांगलेला दिसला, खाली पाटी, ‘सुती कापड, केळीचा चीक’. दांडा कापला की चीक पाण्यासारखा गळतो, कपड्यावर पडल्यावर तास-दोन तासांत तांबडा होतो, मग काळा, आणि पुढे शर्ट फाटेल पण डाग जात नाही. वीस वर्षं तुझ्या मायने त्याच्यावर साबण झिजवला. लोक मात्र तिथे जवळ जाऊन डाग बघत होते. एका बाईने विचारलं, हा रंग कुठे मिळतो? मी म्हटलं, आमच्या वावरात फुकट.

तीन महिने राहायला-खायला देऊन नुसतं काम करू देतात, हे रेसिडेन्सीचं प्रकरण मला पटलं नव्हतं. असा सालदार कोणी ठेवत नाही. पण तुझ्याबरोबरच्या त्या बस्तरच्या ढोकरावाल्याशी तासभर बोललो. मातीच्या गाभ्यावर मेणाच्या तारा गुंडाळायच्या, वर पुन्हा माती थापायची, भट्टीत मेण वाहून गेलं की त्या जागी पितळ ओतायचं. मूर्ती काढायला साचा फोडावाच लागतो, एका साच्यात एकच मूर्ती. मी म्हटलं, आमची केळ तशीच, एका खोडाला एकच घड. तो हसला. हिंदी माझी तोडकीमोडकी, पण हे त्याला बरोबर कळलं.

आता केळीच्या खोडाच्या धाग्याने विणलेल्या त्या मोठ्या कामाचं, ‘आडवी बाग’. मी त्याच्यासमोर उभा राहिलो तेव्हा तू मुद्दाम लांब गेलीस, ते मी पाहिलं. त्या वर्षी वादळी वावधन आलं तेव्हा तू बारावीत होतीस. अर्ध्या तासात कापणीला आलेली बाग झोपली, आणि पंचनामा होईस्तोवर घड काळे पडले. तू इतकं लक्षात ठेवलंस हे मला माहीत नव्हतं. धागा सुरेख निघालाय, रेशमासारखा. पण एक चूक आहे. तू खोडं दोन्ही अंगांना पाडलीस. वाऱ्याने पडलेली बाग अशी नसते. सगळी झाडं एकाच बाजूला, मुळ्या वाऱ्याकडे आणि घड पलीकडे. बांधावर उभं राहिलं की कोणी हाताने ओळीत निजवल्यासारखी दिसतात. तेच जास्त लागतं मनाला. पुढच्या वेळी असं विण.

आणखी एक. तिथे एक साहेब दुसऱ्यांना सांगत होते, ‘हे सगळं टाकाऊ वस्तूंपासून.’ मी पाहुणा, गप्प बसलो. खोड टाकाऊ नसतं गं. घड उतरवल्यावर आपण ते उभं ठेवतो ना? त्यातलं पाणी, अन्न हळूहळू बुडाशी फुटलेल्या पिलाकडे उतरतं, त्यावर पिलबाग पोसते. तू ताजं खोड नेलंस तर पिलाच्या तोंडचं नेलंस. आणि शिळ्याचा धागा काळा पडतो म्हणून तुला ताजंच लागतं, हेही मला माहीत आहे.

तर असं ठरवलंय. विहिरीकडच्या तुकड्यात यंदा पील धरणार नाही, पपई लावायचीय. तिथली कापणी अक्षय्य तृतीयेच्या पुढेमागे होईल. तिथली खोडं तुझी, पण कापली की दुसऱ्याच दिवशी खोडाची सोपटं काढावी लागतील, तेव्हा तारीख आधी कळव. पोरींना रोजाने सांगून ठेवतो. मजुरी तू देशील, मी नाही.

माय विचारते, शर्ट विकला गेला का? नसेल तर कापणीला घेऊन ये.

तुझा,
बाबा