सुऱ्या, तुझा स्ट्रायकर सापडला

प्रिय सुऱ्या,

सहा महिने फोन नाही म्हणून शिव्या घातल्या असशील, घाल. बाबांचं बीपी ठीक, माझी कंबर आहे तशीच. फोनवर तू हसून घालवला असतास म्हणून लिहालोय.

2019 च्या ऑगस्टात नाल्याचं पाणी घरात शिरलं तेव्हा तू पुण्यासनं सारखा फोन करत होतास, आठवतंय? गाद्या, दिवाण, आईची शिवणाची मशीन, चिखलानं भरलेलं सगळं ओढून दारात टाकलं आणि संध्याकाळी रिकाम्या सोप्यात बसलो तर मला, कुणाला सांगू नकोस, हलकं वाटलं. बाबा बाहेर दोरीवर ट्रंकेतले कागद चिमटे लावून वाळवत होते, तोंडातून शब्द नाही, आणि मी हितं हलका. तिथनंच हे मिनिमलिझमचं, म्हणजे मोजक्या वस्तूंत राहायचं खूळ डोक्यात शिरलं बघ. मागून यूट्यूब. पोरीला मोजके फ्रॉक, एक खेळणं आत आलं की एक बाहेर, वाढदिवसाला गिफ्ट आणू नका म्हणून आधीच सगळ्यांना मेसेज (मावशी तेव्हापासून बोलत नाही). त्या घर आवरायला शिकवणाऱ्या जपानी मारी कोंडोचं बघून टीशर्ट उभे घडी करून ठेवत होतो. स्मितानंच एक दिवस बातमी दाखवली, 2023 ची, ती बाई स्वतःच सांगते की तिसरं पोर झाल्यावर घर आवरायचं जवळजवळ सोडून दिलंय. "तिला तिसऱ्याला कळलं, तुम्हाला दोनात कळूदे."

खरं आपल्याकडं हे बसतच नाही रे. वर्षभर हात लागला नाही ते टाका म्हणतात. आमच्या घरात छत्र्या, रेनकोट, ताडपत्री चार महिन्यांपुरत्या. मांड्याचं पातेलं लग्नकार्यालाच खाली येणार. तांदळाची पिंपं, वर्षाचं तिखट, कुरड्या, सांडगे, ही तर बेगमी, ह्याला पसारा म्हटलं तर स्मिता मलाच बाहेर काढेल. आणि बाबांची ट्रंक! आजोबांचे मराठीतले दस्त, मुंबई राज्याच्या वेळचे, 1956 च्या आधीचे, वर हल्लीचे कन्नड उतारे, सगळं एकाच फडक्यात. मी म्हटलं स्कॅन करून टाकूया. तर म्हणाले, बेळगाव सीमेचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो निकालात निघूदे, मग बघू. म्हणजे ट्रंक माझ्या नातवाला मिळणार.

आता मुद्द्याचं. गेल्या रविवारी पावसाच्या आधी तांदूळ उन्हात घालायचे म्हणून पिंप उपसलं. तळाला कापडदुकानाची पिशवी, तोंडाला गाठ मारलेली. आत एका हाताची बाहुली, धाकट्याच्या दुपट्याचा तुकडा, आईच्या चष्म्याची डबी, दुसरीतली चित्रकलेची वही, जी मी स्वतः रद्दीत घातली होती, म्हणजे पोरीनं गठ्ठ्यातून परत काढली. गौरीला हाक मारली, हे हितं का गं? ती जराही घाबरली नाही. म्हणाली, "बाबा, तांदूळ तेवढे तुम्ही टाकत नाहीसा की."

सुऱ्या, आठ वर्षांची पोर. मला वाटत होतं पोरांना कशाचा मोह नको म्हणून करालोय, आणि ती घरात माझ्यापासनं वस्तू लपवत फिरालीय. किती दिवस, कोण जाणे. माझ्या हातात कचऱ्याची पिशवी दिसली की ती आतल्या खोलीत जायची, मला वाटायचं अभ्यासाला. तुझ्या आईनं पतंग चुलीत घातले तेव्हा तू दोन दिवस जेवला नव्हतास आणि मीच तिला जल्लाद म्हटलं होतं. आता मी कोण? बरं, परत सगळं भरून ठेवायचं का? तेही नको वाटतंय. थर्माकोलचे प्रोजेक्ट, रिटर्न गिफ्टचे प्लॅस्टिक डबे, ते काय आठवण म्हणून जपायचं? स्मिता म्हणते टाकायच्या आधी विचारा, तेवढंच. मी कधीच विचारलं नाही हे त्या दिवशी कळलं. बाबांनाही नाही.

आणि तुलाही नाही. कॅरमबोर्ड मी मागच्या दिवाळीत भंगारात दिला. होय, तोच, गणपत गल्लीतनं निम्मे निम्मे पैसे काढून आणलेला. त्याला पोक आलं होतं, पण विचारायला पाहिजे होतं. त्याहून वाईट म्हणजे, आईच्या चष्म्याच्या डबीत तुझा स्ट्रायकर निघाला. तो पांढरा, कडेला टवका उडालेला. तूच हरवलास म्हणून अख्खा गणपती तुझ्याशी बोललो नाही, बाळ्यालाही बोलू दिलं नाही. तो आमच्याच घरात होता. आता हसतोयस ते दिसतंय मला.

फ्लॅटचं पझेशन मिळालं का? वहिनींची बदली थांबली का? पोराला कुठल्या साईडला घातलास ते कळव. पाटील सर गेले, ते तुला कळलंच असेल.

गौरीला एक कप्पा दिलाय, कुलपासकट. खरं पिशवी तिनं त्यात ठेवलेली नाही, कुठाय ते स्मिताला ठाऊक आहे, ती सांगत नाही. मी म्हटलं स्ट्रायकर तेवढा दे, सुऱ्याकाकाचा आहे, त्याला पाठवतो. तर आजोबांची नात, म्हणते, "काकाचा आहे असं लिहिलेला कागद दाखवा."

तर सहीनिशी पाठव.

तुझा,
मन्या